माझ्या पेशी, त्याचं शरीर : प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीबद्दल समजून घ्यायचं आहे

कवडसा

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते, आज लिहायची वेळ आली.

माझ्या धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. केमोने तो आटोक्यात आला, पण परत उलटू शकतो म्हणून डॉक्टरांनी स्टेम सेल प्रत्यारोपण सुचवलं. माझी एचएलए तपासणी केली आणि पूर्ण जुळली. त्या दिवशी घरात सगळे रडले होते, आनंदाने. मग मी पाच दिवस इंजेक्शनं घेतली. कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकायची. त्यानंतर काही तास मशीनला जोडून घेतलं. वर टांगलेल्या पिशवीत गढूळसर लाल द्रव थेंबाथेंबाने जमत होता. रक्तापेक्षा फिकट रंगाचा. मी पूर्ण वेळ त्या पिशवीकडेच बघत होते.

सोळाव्या दिवशी त्याच्या पांढऱ्या पेशी वर आल्या. सव्विसाव्या दिवशी तळहात लाल झाले, कानामागे पुरळ आलं, मग पोट बिघडलं. हिरवट पाण्यासारखे जुलाब. नर्स प्रत्येक वेळी खुणा असलेल्या भांड्यात मोजून तक्त्यावर मिलिलिटर लिहिते. परवा दिवसभराची बेरीज १,१०० झाली. डॉक्टर म्हणाले, "अक्यूट जीव्हीएचडी आहे, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतायत."

डोनर म्हणजे मी. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

उपचार तज्ज्ञ करतायत, त्याबद्दल सल्ला नको. मला समजून घ्यायचंय. सगळं जुळत होतं तर असं का झालं? हा हल्ला करणाऱ्या माझ्या टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आधीच गाळून का टाकल्या नाहीत? आणि डॉक्टर मध्येच म्हणाले की थोडासा जीव्हीएचडी झाला तर आम्हाला फारसं वाईट वाटत नाही. त्याचा अर्थ काय?

उंबरठा

ताई, वाचून गलबललं. भावाला लवकर आराम पडो. सूक्ष्मदर्शी यांनी इथे लिहावं, त्यांचा हा विषय आहे.

सूक्ष्मदर्शी

कवडसा ताई, मी इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे जे सांगेन ते विज्ञानापुरतं.

आधी जुळण्याबद्दल. एचएलए ही आपल्या सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. ही जनुकं जी प्रथिनं बनवतात ती पेशीच्या पृष्ठभागावर चौकटीसारखी असतात. पेशीच्या आत जी जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे या चौकटींत बसवून बाहेर मांडले जातात आणि टी पेशी येता-जाता ते वाचत असतात. तुमच्या आणि भावाच्या चौकटी सारख्या आहेत. पण चौकटीतले तुकडे उरलेल्या सगळ्या जनुकांमधून येतात, आणि ती जनुकं भावंडांमध्येही वेगळी असतात. जुळं एकाच बीजांडातून झालेलं असेल तरच तंतोतंत सारखी. या फरकांना मायनर हिस्टोकम्पॅटिबिलिटी अँटिजेन म्हणतात. नाव मायनर असलं तरी त्रास मायनर नसतो.

तुमच्या बाबतीत एक ढळढळीत फरक आहे. भावाला वाय गुणसूत्र आहे, तुम्हाला नाही. त्या गुणसूत्रावरून बनणारी प्रथिनं तुमच्या शरीराने कधी पाहिलेलीच नाहीत. टी पेशींचं शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत होतं. स्वतःच्या तुकड्यांवर चवताळून उठणाऱ्या पेशी तिथेच बाद होतात. तुमच्या टी पेशींची ही परीक्षा तुमच्या थायमसमध्ये, तुमच्याच तुकड्यांवर झाली. भावाचे तुकडे त्या परीक्षेत नव्हतेच. आता त्या पेशी अशा घरात आल्या आहेत जिथे चौकटी ओळखीच्या आणि आतला मजकूर परका. अशा वेळी निरोगी टी पेशीने जे करायचं तेच त्या करतायत.

कवडसा

शेवटचं वाक्य तीन वेळा वाचलं. धन्यवाद दादा.

एक विचारू का? माझी दोन बाळंतपणं झाली आहेत, दोन्ही मुलगे. कुठेतरी वाचलं की याने धोका वाढतो. खरं आहे का?

सूक्ष्मदर्शी

खरं आहे, लपवत नाही. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि आईच्या टी पेशी वाय गुणसूत्राच्या प्रथिनांना आधीच भेटलेल्या असू शकतात. म्हणून स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण या जोडीत जीव्हीएचडीचं, विशेषतः दीर्घकालीन प्रकाराचं, प्रमाण जास्त दिसतं. पण याच जोडीत कर्करोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं, ही बाजूही तितकीच खरी. तुमच्या टीमला हे दोन्ही माहीत असणार आणि तरीही पूर्ण जुळणारी सख्खी बहीण त्यांना योग्य वाटली. तुम्ही बाळंतपणं केलीत यात चूक शोधू नका.

आता दुसरा प्रश्न, पेशी गाळून का टाकल्या नाहीत. हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. १९८० च्या दशकात दात्याच्या मज्जेतून टी पेशी काढून टाकायची तंत्रं आली. जीव्हीएचडी झपाट्याने कमी झाला, सगळे खूश. मग आकडे जमू लागले. कलम नाकारलं जाण्याचं प्रमाण वाढलं, विषाणूंचे संसर्ग वाढले, आणि कर्करोग जास्त वेळा परत येऊ लागला. १९९० मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. कर्करोग सर्वांत कमी उलटला तो ज्यांना जीव्हीएचडी झाला होता त्यांच्यात. एकसारख्या जुळ्या भावंडाकडून पेशी मिळालेल्यांत, जिथे जीव्हीएचडीची भीती जवळपास नसते, तिथे आजार जास्त वेळा परतला. म्हणजे बरं करणारं काम केमो एकटी करत नव्हती. उरलेल्या कर्करोगपेशी दात्याच्या टी पेशी टिपत होत्या. याला ग्राफ्ट व्हर्सेस ल्युकेमिया परिणाम म्हणतात.

डॉक्टर "थोडासा चालतो" म्हणाले ते यासाठी. सौम्य जीव्हीएचडी हे त्या पेशी जाग्या आहेत याचं लक्षण. तीव्र झाला तर मात्र तो कर्करोगाइतकाच जिवावर बेततो, म्हणून तो तसा सोडून देत नाहीत.

मृगजळ

वाचत आहे. वाचनखूण साठवली.

उंबरठा

मला एक कळत नाही. त्वचा, आतडं आणि यकृतच का? टी पेशी तर सगळीकडे फिरतात. हृदयावर, मूत्रपिंडावर का नाही?

सूक्ष्मदर्शी

चांगला प्रश्न. पेशी चढवण्याआधी रुग्णाला कंडिशनिंग देतात, म्हणजे तीव्र केमो, कधी रेडिएशनसुद्धा. जिथल्या पेशी भरभर विभागतात तिथे त्याचा घाव खोल बसतो, आणि आतड्याचं अस्तर त्यात पहिलं. अस्तर फाटलं की आतल्या जिवाणूंचे घटक रक्तात झिरपतात. दुखावलेल्या पेशी आयएल-१, टीएनएफ अशी धोक्याची रसायनं सोडतात. त्याने टी पेशींना परके तुकडे दाखवणाऱ्या पेशी खडबडून जाग्या होतात. दात्याच्या टी पेशी शरीरात येतात त्या या गदारोळात.

टी पेशीला पेटून उठायला दोन किल्ल्या लागतात. पहिली म्हणजे चौकटीतला परका तुकडा. दुसरी, टी पेशीवरचा सीडी२८ आणि समोरच्या पेशीवरचे सीडी८०-सीडी८६ या प्रथिनांचा हात मिळणं. शरीर शांत असतं तेव्हा दुसरी किल्ली सहसा मिळत नाही आणि टी पेशी मुकाट पुढे जाते. आतडं जखमी असताना ती हवी तितकी मिळते. मग त्या पेशी शेकडो पटींनी वाढतात आणि आतड्याकडे, त्वचेकडे, यकृताकडे धावतात. परफोरिन आणि ग्रँझाइम सोडून समोरच्या पेशी मारतात. त्यातून आणखी जखम, आणखी रसायनं, असं ते चक्र फिरत राहतं. त्वचा आणि आतडं या बाहेरच्या जगाला लागून असलेल्या सीमा आहेत, यकृताकडे आतड्याचं रक्त थेट जातं. तिन्ही ठिकाणी कायम पहारा असतो, म्हणून मारही तिथेच बसतो.

१९७४ मध्येच उंदरांवर दिसलं होतं की पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना जीव्हीएचडी सौम्य होतो.

रानवारा

मग प्रोबायोटिकच्या गोळ्या सुरू करायला हव्यात का? आतड्यातले चांगले जिवाणू वाढतील.

सूक्ष्मदर्शी

नको! स्वतःहून अजिबात नको. पांढऱ्या पेशी कमी आणि आतडं फाटलेलं असताना गोळीतले "चांगले" जिवाणूही रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. जे काही द्यायचं ते टीमला विचारूनच.

जिवाणूंचा संबंध मात्र पक्का आहे. आतड्यात जिवाणूंची विविधता टिकलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे सरासरीने बरी राहते, हे तीन देशांतल्या चार केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात २०२० मध्ये दिसलं. काही जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं ते इंधन आहे, आणि नियंत्रक टी पेशी, म्हणजे बाकीच्या टी पेशींना आवरणाऱ्या पेशी, तयार व्हायलाही त्याची मदत होते.

उंबरठा

या नियंत्रक पेशींबद्दल सविस्तर लिहा ना. धाग्याचा गाभा तोच दिसतोय.

सूक्ष्मदर्शी

गाभा तोच. म्हणून जरा लांब लिहितो.

आपण आतापर्यंत हल्लेखोर पेशींबद्दल बोललो. पण थायमसची परीक्षा काही पक्की गाळणी नाही. स्वतःवर उठू शकणाऱ्या थोड्या पेशी प्रत्येकाच्या रक्तात सुटलेल्या असतात. तरी बहुतेकांना काही होत नाही, कारण त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या टी पेशीही असतात. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी दाखवलं की सीडी२५ हे चिन्ह असलेल्या टी पेशी काढून टाकल्या तर उंदराच्या शरीरावर त्याच्याच उरलेल्या टी पेशी तुटून पडतात. त्या परत दिल्या की हल्ला थांबतो. पुढे मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून फॉक्सपी३ हे जनुक सापडलं. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा भयंकर आजार जन्मापासून होतो. आतडं, त्वचा, अंतःस्रावी ग्रंथी, सगळ्यांवर स्वतःच्याच टी पेशींचा हल्ला. जीव्हीएचडीशी साम्य लक्षात आलं असेल. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या नियंत्रक पेशींना ट्रेग म्हणतात. सीडी४ प्रकारच्या टी पेशींमध्ये त्या साधारण ५ ते १० टक्के. टी पेशींना वाढायला आयएल-२ हे रसायन लागतं, ट्रेग ते स्पंजासारखं शोषून घेतात. सीटीएलए-४ हे प्रथिन वापरून समोरच्या पेशीवरचे सीडी८०-सीडी८६ चक्क ओरबाडून काढतात, म्हणजे दुसरी किल्लीच पळवतात. शिवाय आयएल-१० सारखी शांत करणारी रसायनं सोडतात.

२००३ मधला उंदरांवरचा एक प्रयोग मला आजही थरारून टाकतो. कर्करोग असलेल्या उंदरांना दात्याच्या साध्या टी पेशी दिल्या तर कर्करोग मारला जाई, पण उंदीर जीव्हीएचडीने मरत. सोबत ट्रेग दिल्यावर जीव्हीएचडी आटोक्यात राहिला आणि तरीही कर्करोगपेशी मारल्या गेल्या. त्याआधी वाटायचं की दोन्ही एकाच दोरीने बांधलेले आहेत, एक ओढलं की दुसरं येणारच. ती दोरी थोडी तरी सोडवता येते हे तिथे दिसलं. इटलीतल्या पेरुजाच्या गटाने २०११ मध्ये हे माणसांत करून दाखवलं. अर्ध्या जुळणाऱ्या दात्याकडून आधी ट्रेग, चार दिवसांनी साध्या टी पेशी आणि मूळपेशी (स्टेम सेल). नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध न देता बहुतेक रुग्णांना तीव्र जीव्हीएचडी झाला नाही.

एक विरोधाभासही सांगतो. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयएल-२ तयार होऊ देत नाहीत. हल्लेखोर त्याने थंडावतात, पण ट्रेग जगतात तेही त्याच आयएल-२ वर, त्यामुळे त्यांचीही उपासमार होते. सिरोलिमस हे त्याच कामाचं दुसरं औषध या बाबतीत ट्रेगला सांभाळून घेतं.

कवडसा

भावाला टॅक्रोलिमस चालू आहे. शिवाय पेशी चढवल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध दिलं होतं. मला तेव्हा धक्काच बसला होता. एवढ्या कष्टाने दिलेल्या पेशी, त्यांच्यावर परत केमो?

सूक्ष्मदर्शी

अनेकांना तसंच वाटतं. पण ही फार विचारपूर्वक शोधलेली पद्धत आहे, जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेली. सुरुवातीचे दिवस मुद्दाम प्रतिकारशक्ती न दाबता जाऊ देतात. परके तुकडे दिसलेल्या टी पेशी त्या काळात वेगाने विभागू लागतात आणि नेमक्या तेव्हा औषधाच्या तडाख्यात सापडतात. मूळपेशी वाचतात, कारण त्यांच्यात अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे औषध निकामी करणारं विकर भरपूर असतं. ट्रेगमध्येही ते वाढतं, म्हणून त्या लवकर सावरतात. आधी समजूत होती की हल्लेखोर पेशी सरसकट मरतात. नंतरच्या कामातून कळलं की बऱ्याच जिवंत राहतात पण दुबळ्या होतात, आणि सावरलेल्या ट्रेग त्यांना दाबून ठेवतात.

२०२३ मध्ये ४३१ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. एका वर्षानंतर जिवंत, आजार न उलटलेले आणि गंभीर जीव्हीएचडी नसलेले रुग्ण या पद्धतीत ५२.७ टक्के, जुन्या मेथोट्रेक्सेटच्या पद्धतीत ३४.९ टक्के. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग भावाला का झाला? धोका कमी होतो, शून्य होत नाही.

पाणपोई

मी रुग्ण आहे, म्हणून आतली बाजू लिहिते. माझं प्रत्यारोपण होऊन सहा वर्षं झाली, डोनर माझा मोठा भाऊ. अक्यूट जीव्हीएचडी फक्त त्वचेवर आला आणि गेला. आठ महिन्यांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊ लागलं, तोंड कोरडं पडलं, दंडाची कातडी आक्रसून हात पूर्ण वर जाईना. हा दीर्घकालीन जीव्हीएचडी. अक्यूटपेक्षा याची जात वेगळी, चोरपावलांनी येतो.

स्टिरॉइडवर वर्षभर होते, मग रुक्सोलिटिनिब हे औषध. शिवाय फोटोफेरेसिस. रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, औषध मिसळून अतिनील प्रकाश देतात आणि परत सोडतात. तिथले तंत्रज्ञ सांगायचे की प्रकाश लागलेल्या पेशी शरीरात जाऊन हळूहळू मरतात, आणि त्या मरताना पाहून बाकीच्या शांत होतात. काही महिन्यांनी माझा हात कानाला लागला. त्या दिवशी मी स्वतःची वेणी स्वतः घातली.

कवडसा, भावाला पुढे तीन गोष्टी जपायला सांग. उन्हात उघड्या अंगाने जायचं नाही, त्याने त्वचेवर तो परत पेटतो. जिना चढताना नवीन धाप लागली तर त्याच दिवशी सांगायचं, फुप्फुसाचा जीव्हीएचडी लवकर सापडायला हवा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत.

अजून एक. माझा रक्तगट बदलून भावाचा झाला. आधी बी होता, आता ओ. माझ्या दादालाही तुझ्यासारखंच वाटायचं. तो वॉर्डात येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी त्याला एकदाच म्हणाले, तुझ्या पेशी नसत्या तर भांडायला मी उरलेच नसते.

सूक्ष्मदर्शी

पाणपोई ताई, सलाम.

दीर्घकालीन प्रकारात पटावर आणखी खेळाडू येतात. थायमस जखमी झाल्याने नव्याने तयार होणाऱ्या टी पेशींची परीक्षाच नीट होत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी बेताल होतात, मॅक्रोफेज या भक्षक पेशी ऊतींमध्ये तंतू विणू लागतात. कातडी आक्रसते ती त्याने. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं बेलुमोसुडिल हे औषध टीएच१७ या आक्रमक पेशी कमी करतं आणि ट्रेग वाढवतं. २०२४ मध्ये आलेलं अॅक्साटिलिमॅब मॅक्रोफेजची रसद तोडतं. अगदी कमी डोसमध्ये आयएल-२ देण्याचाही प्रयोग झाला आहे. आयएल-२ एरवी टी पेशींना भडकवतं, पण ट्रेगवर त्याला पकडणारा सीडी२५ भरपूर असतो, म्हणून थोडं दिलं तर ते आधी त्यांच्याच वाट्याला येतं. २०११ च्या त्या अभ्यासात तपासता आलेल्या २३ पैकी १२ रुग्णांमध्ये सुधारणा दिसली.

रानवारा

कर्करोग मारायचा पण त्वचा सोडायची, असं टी पेशींना नेमकं शिकवता येणार नाही का?

सूक्ष्मदर्शी

दिशा तीच आहे. एचए-१ नावाचा एक मायनर अँटिजेन फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींवर असतो, त्वचेवर किंवा आतड्यावर नाही. रुग्णात तो आहे आणि दात्यात नाही अशी जोडी असेल, तर त्याच्यावर जाणाऱ्या टी पेशी रुग्णाचं जुनं रक्त आणि कर्करोग दोन्ही पुसतील, बाकी शरीराला हात लावणार नाहीत. यावर प्रयोग चालू आहेत.

कवडसा

आठ दिवसांनी लिहितेय. तुमचे सगळे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. वाय गुणसूत्राचा भाग त्याला पुन्हा ऐकायचा होता.

स्टिरॉइड सुरू केल्यावर पहिले तीन दिवस आकडा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, साधारण निम्म्या लोकांना स्टिरॉइड पुरतं, पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत फरक नाही पडला तर रुक्सोलिटिनिब. चौथ्या दिवशी तक्त्यावर ८०० दिसले. मग ६५०, मग ४००. काल २५०, आणि नर्सने आकड्याखाली रेघ मारून "घट्टसर" असं लिहिलं. तो एक शब्द बघून मला हुंदका आला.

कायमेरिझमचा, म्हणजे रक्तातल्या पेशी कुणाच्या किती ते सांगणारा, रिपोर्टही आला. रक्तातल्या पेशींमध्ये वाय गुणसूत्र शोधतात, तर त्याच्या रक्तात ते सापडतच नाही. ९९ टक्क्यांहून जास्त एक्सएक्स, म्हणजे माझ्या. तो रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग मला म्हणाला, "तायडे, यांना सांग, आता आपण एकाच घरात राहतो."

सोमवारपासून स्टिरॉइड हळूहळू उतरवायला सुरुवात करणार आहेत. पाणपोई, तुझ्या वेळी डोस उतरवताना पुरळ परत आलं होतं का? आलं असेल तर आधी कुठे दिसलं होतं तेवढं सांग, मी रोज सकाळी त्या जागा बघत जाईन.

पाणपोई

आलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा आधी कानामागे आणि तळहाताच्या कडांवर. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघ, ट्यूबलाइटखाली लाली कळत नाही. आणि दिसलं तर फोटो काढून तारीख लिहून ठेव.